हातभर लांब धरलेलं पुस्तक

माझा स्वभाव तापट, हे लांज्याजवळच्या आमच्या वाडीतल्या शाळेत पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं. पाठ ताठ, मान वर, पुस्तक हातभर लांब, हे माझे नियम. फळ्यावरचं बारीक, रेखीव अक्षर हा माझा तोरा. तसं अक्षर तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही, असं मीच सांगत असे.

चौथीतल्या एका मुलीला मात्र वाचताच येईना. पुस्तक नाकाला लावून बसायची. "वाचायचंय की हुंगायचंय गो?" म्हणत मी ते लांब ओढलं, की ही गप्प. तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला. एक दिवस येऊन म्हणाली, "बाई, चौथीपर्यंत आली, पुरे झालं. तिच्या डोक्यातच शिरत नाही. आता घरी धाकट्याला सांभाळेल." मी भडकले. म्हटलं, "वर्ष संपेपर्यंत थांब. ही वाचायला लागल्याशिवाय मी सोडणार नाही." बोलून तर बसले, पण माझ्याकडचे उपाय कधीच संपले होते.

उरला होता टीव्ही. गावच्या मुंबईकर मंडळानं शाळेला दिलेला. आला तेव्हा नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, आणि धूळ बसू नये म्हणून मीच त्याला अभ्रा शिवून घातला. त्यावर वाचनाचे धडे दाखवता येतात म्हणे. मी मुकाट्यानं प्रशिक्षणाला नाव दिलं. शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मोबाईलवर बोट सरकवलं की टीव्हीवरचं पान पुढं जायचं, माझं बोट सरकलं की सगळंच गायब. ती हसली. "हस बाई, पण पुन्हा दाखव," म्हटलं. सतरांदा विचारलं आणि प्रत्येक पायरी वहीत उतरवली. 'खालचं चित्र दाबणे. गोल फिरायचं थांबेपर्यंत वाट पाहणे. चिडू नये.' शेवटची सूचना माझी मलाच होती.

शाळेत अभ्रा काढला. वही बघत बघत मोबाईलवरचं पान टीव्हीवर आणलं, तेवढ्यात माझी दोन बोटं फाकली आणि एकच शब्द सगळ्या पडद्यावर पसरला. एकेक अक्षर ताटाएवढं. काही केल्या लहान होईना. वहीत यावर उपाय नव्हता. मी वैतागून खटपट करतेय, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "डोंगर."

मी वळले. तीच होती. पान थोडं सरकवलं. "हिरवागार," ती म्हणाली. आणखी सरकवलं. "पायथ्याशी." तेही जोडाक्षरासकट.

"मग इतके दिवस का नाही वाचलंस?"

"फळ्यावरचं दिसत नाही, बाई. पुस्तक जवळ धरलं की दिसतं, पण तुम्ही ओढता."

मी खुर्चीत बसले. लाज वाटली, उगाच कशाला लपवू. तिसरीपासून दोन वर्षं मी माझ्याच हातानं तिचं वाचन लांब नेत होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावलं. म्हटलं, पोरीच्या डोक्याला काही झालेलं नाही, डोळे तपासायला हवेत, उद्या मी स्वतः रत्नागिरीला घेऊन जाते. मग मुलीच्या हातात पुस्तक दिलं. "धर जवळ. हवं तेवढं जवळ." नाक पानाला टेकवून तिनं अख्खा धडा वाचला. आईनं पदरानं डोळे टिपले आणि पाचवीला नाव कुठल्या शाळेत घालायचं ते विचारलं. पोरगी मात्र पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती, मी ओढून घेईन म्हणून.