पडवळाला पदक

आमच्या घरात आजवर एकच पदक आलं, आणि ते मी पडवळाला बांधलं.

तुम्ही म्हणाल, पदक कशाला? पुण्यात दगड मिळत नाहीत का? मिळतात हो, वाटेल तेवढे मिळतात! पण पडवळाची तऱ्हा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. पडवळ बोटभर असतानाच त्याच्या टोकाला वजन बांधावं लागतं. नाहीतर ते वेडंवाकडं वेटोळं होऊन बसतं. वजन बांधलं की कसं प्रार्थनेला उभं राहिलेल्या पोरासारखं सरळ खाली येतं! माझी आई खडा बांधायची, म्हणून मीही खडा बांधला. तीनदा बांधला, तिन्ही वेळा सुतळीतून सटकला. चौथ्यांदा वैतागून स्वयंपाकघरातला तो खण उघडला. (प्रत्येक घरात असतो असा एक खण. सुतळी, मेणबत्त्या, बंद पडलेली घड्याळं, कशाचं ते न आठवणारं झाकण.) त्यात हे पदक! आयती कडी, आयती फीत. दोन गाठी मारल्या, काम झालं.

पदक आमच्या ह्यांचं. ज्येष्ठ नागरिकांच्या चालण्याच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालेलं. (चालणारे पाच होते आणि बक्षिसंही पाचच होती, पण ते जाऊ दे.)

हा सगळा उद्योग चालला होता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, माझ्या ग्रीनहाऊसमध्ये. ग्रीनहाऊस म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. प्लॅस्टिकचे पाइप, वर पारदर्शक कापड, बाजूंनी हिरवी जाळी. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने टोमॅटोला विचारून यायचं. मोबाइलवर बघून बघून शिकले सगळं. टोमॅटो, मिरच्या, पालक, वांगी! आणि भेटेल त्याला मी ऐकवायचे, "एकेक भाजी पोटच्या पोरासारखी ओळखते मी. डोळे बांधा माझे, तरी सांगेन!"

(हे वाक्य लक्षात ठेवा. सोसायटीने ठेवलंय.)

तर, ग्रीनहाऊस जेमतेम पाच फूट उंच आणि पडवळाला लोंबायला जागा हवी. ग्रीनहाऊसला लागूनच डक्ट आहे, म्हणजे बाथरूमच्या पाइपांसाठी वरपासून खालपर्यंत सोडलेली पोकळ जागा. मी जाळीला भोक पाडलं, डक्टवर एक बांबू आडवा टाकला आणि वेल त्यावर सोडली. बोटभर पडवळ, त्याला पदक. म्हटलं, लोंब बाबा हवा तेवढा!

आणि दुसऱ्याच दिवशी स्वारगेटहून बस धरून लेकीकडे साताऱ्याला गेले. चांगली पंधरा दिवस.

आता आमच्या चेअरमनांबद्दल. कांबळेसाहेब आमच्या समोरच्याच दारात राहतात, चौथ्या मजल्यावर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. एक शब्द जास्त नाही, एक नियम कमी नाही. मी मांजरी गावाहून दोन पोती उसाचं पाचट आणलं, मातीवर पसरायला, तेव्हा साहेब पोत्यांकडे बघत म्हणाले, "देवधरबाई, आपण भाजी लावताय, की सापांसाठी धर्मशाळा काढताय?"

"अहो साहेब, चौथ्या मजल्यावर साप येईल कसा?"

"पोत्यातून. रिक्षाने. आपल्याबरोबर."

शेवटी असं ठरलं, की ग्रीनहाऊस कायम राहू द्यायचं की नाही ते महिनाअखेरच्या रविवारच्या सभेत बघू. पण मधल्या काळात साप निघाला, तर मी त्याच दिवशी ते मोडायचं. तसं माझ्याकडून लिहून घेतलं. मी ऐटीत सही केली. म्हटलं, साप काय निघतोय!

साताऱ्याहून परतले ती नेमकी सभेच्या आदल्या संध्याकाळी. गुडघा ठणकत होता म्हणून गच्चीवर काही गेले नाही. ह्यांना विचारलं, "पाणी घातलंत ना?"

"रोज घातलं. माझं पदक कुठंय? आमच्या फिरायच्या मंडळाचं संमेलन आहे. सगळे पदकं घालून येणार आहेत."

"तुमच्या वस्तू तुम्हाला सांभाळता येत नाहीत आणि मला विचारता!" मी म्हटलं. (देवाशपथ, मी विसरले होते. निदान तीन चतुर्थांश तरी विसरले होते.)

रविवारी सकाळी नऊला मी पोह्यांना फोडणी घालतेय, तोच समोरून अशी किंकाळी आली की माझ्या हातातली मोहरी कढईऐवजी ह्यांच्या चहात!

"साप! साप!"

दार उघडून बघते तर काय, कांबळेसाहेब जिन्याशी उभे. ज्यांच्या शर्टाचं वरचं बटण मी कधी उघडं पाहिलं नाही, ते साहेब टॉवेलवर! अर्ध्या तोंडाला साबण!

"बाथरूमच्या खिडकीबाहेर! उलटा लटकलाय! काचेवर फणा आपटतोय!"

मागून त्यांच्या मिसेस, सुजातावहिनी, शांतपणे म्हणाल्या, "अहो, चष्मा होता का डोळ्यांवर?"

"आंघोळीला चष्मा लावून कोण बसतं?"

"थांबा, मी बघते," मी म्हटलं. माझ्या ग्रीनहाऊसचा प्रश्न होता ना! तरातरा आत गेले, स्टुलावर चढले, डोकावले. दुधी काच. आणि काचेपलीकडे... अगं बाई! हातभर लांब! हिरवट! अंगावर पांढरे पट्टे! खाली तोंड करून सावकाश डोलतोय, आणि तोंडाशी हा एवढा गोल, चपटा फणा! तेवढ्यात वारा आला आणि फणा काचेवर आपटला. टिंग!

टिंग? सापाचा फणा टिंग वाजतो का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. प्रश्न पडला नाही. मीच पडले. वहिनींच्या भिजवलेल्या कपड्यांच्या टबात.

"मारा! नको, मारू नका, पाप लागेल! सर्पमित्राला बोलवा! पाचटातूनच आलाय हो! साहेब, मीच आणला! रिक्षाने!"

ओल्या साडीने मी जिन्यातच कागद मागितला. दिलेला शब्द दिलेला! लिहिलं, "आज सोसायटीत माझ्या ग्रीनहाऊसमुळे साप निघाला. मी ते आजच काढून टाकते." सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं. खोटं कशाला सांगू, भीतीने नव्हे. टोमॅटोला नुकती फुलं धरायला लागली होती. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कधी नव्हे ते पदकाबद्दल एक शब्द काढला नाही.

तासाभरात सर्पमित्र आली. हो, आली! तिशीतली पोरगी, स्कूटरवर, हातात लांब आकडा. "कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही," म्हणाली आणि एकटी बाथरूममध्ये शिरली. बाहेर चारही मजल्यांची माणसं श्वास रोखून उभी. साहेबांच्या तोंडावरचा साबण वाळून पापुद्रे निघायला लागले, पण त्यांनी गाल खाजवला नाही. आत काचेची पट्टी सरकल्याचा आवाज. मग तिचा आवाज आला.

"काका, याला देठ आहे."

साहेबांना बहुधा ऐकू गेलं नाही. "विषारी आहे का?"

"छे! चण्याची डाळ घालून छान लागतो."

आणि ती बाहेर आली. एका हातात आकडा, दुसऱ्या हातात माझं पडवळ, आणि पडवळाच्या टोकाला झुलणारं पदक! वजनाने अख्खी वेलच बांबूवरून खाली सरकली होती आणि पंधरा दिवसांत ते थेट साहेबांच्या खिडकीपर्यंत पोचलं होतं. सरळ मात्र असं वाढलं होतं, की पट्टी लावून बघावं!

"इतके साप पकडले," ती म्हणाली, "पण पदकविजेता पहिलाच."

आमचे हे पुढे झाले. चष्मा वर केला. फीत उलटून पाहिली. मग संबंध जिन्यासमोर मोठ्याने वाचलं, "ज्येष्ठ नागरिक चालणे स्पर्धा. उत्तेजनार्थ." आणि माझ्याकडे वळले. "काय गं? माझ्या वस्तू मला सांभाळता येत नाहीत, नाही का?"

सगळा जिना माझ्याकडे बघतोय! मी साडीचा पदर पिळत उभी. सुजातावहिनी अगदी मायेने म्हणाल्या, "देवधरबाई, डोळे बांधू का?"

त्या टबात पाणी अजून खोल असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

पण कागद तर साहेबांच्या हातात! माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी! "साहेब," मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "तेवढा कागद..."

साहेबांनी आतून चष्मा मागवला. टॉवेलवरच उभं राहून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जणू धरणाचं टेंडरच. "यात लिहिलंय, साप निघाला. साप निघालेला नाही. म्हणजे मजकूर चुकीचा आहे. कागद रद्द." आणि फाडला! मी त्यांच्या पाया पडणारच होते, पण टॉवेलचा भरवसा वाटेना.

"मात्र," साहेब म्हणाले, "डक्टची जागा सोसायटीची. तेव्हा पडवळ सोसायटीचं."

वहिनींनी भाजी केली. सभेत प्रत्येकाला चमचाभर मिळाली, सर्पमित्र पोरगीही जेवूनच गेली. ग्रीनहाऊसला कायमची परवानगी मिळाली, फक्त ठरावाच्या शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "गच्चीवरील कोणत्याही भाजीस पदक देण्यात येऊ नये."

संध्याकाळी ह्यांनी पदक घासूनपुसून लख्ख केलं आणि गुपचूप माझ्याच गळ्यात घातलं.

"हे कशाबद्दल?"

"स्टुलावरून पडण्याबद्दल. उत्तेजनार्थ."

"उत्तेजनार्थ का म्हणून?" मी म्हटलं. "सगळ्या सोसायटीत एकटी मीच तर पडले. पहिलं द्या!"