बांगड्यांचा हात
सोल्डर करताना राळ जळल्याचा वास आला की मला भीमपूरकडची ती पडवी आठवते, आणि तिथे खुर्ची मागवून बसलेले आमचे साहेब. गरोदर बाईने मनगटावरच्या पट्ट्याचं बटण दाबलं की नर्सबाईंना निरोप जावा, असं आमच्या कंपनीचं यंत्र होतं आणि त्यातली तुरीच्या दाण्याएवढी अँटेना मी केली होती. शेजारी धातू आला की ती बिघडते, बांगड्या घालून तपासू या, हे मी आधीच सांगितलं होतं. पण साहेबांनी ती प्लॅस्टिकच्या गुळगुळीत हातावर तपासली आणि टाळ्याही स्वतःच वाजवल्या. चाचणीसाठी आम्ही गेलो तेव्हा पडवीत त्या घरची सातव्या महिन्यातली सून बसली होती, मनगटभर हिरवा चुडा आणि मागेपुढे सोन्याच्या पाटल्या. ती बटण दाबत राहिली, निरोप काही जाईना. साहेबांनी मला उगाच पट्टा उघडून सोल्डरचे डाग द्यायला बसवलं आणि शेवटी घाम पुसत म्हणाले, “तिच्या बांगड्या काढून टाका बरं.” मराठी घरात वाढलेला माणूस हा! अंगणात कापूस निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. सासूने पट्टा उचलून साहेबांच्या मांडीवर टाकला. “काऊन काढाव्या तिनं? नवरा जित्ता हाये तिचा. घेऊन जा तुमचं यंत्र.” परतताना गाडीत साहेब म्हणाले, “अडाणी लोक!” मी पुढे नोकरी सोडली, पट्टा मात्र बाजारात आला. परवा निर्मल गावातल्या एका दुकानात त्याचा डबा पाहिला. त्यावर हसऱ्या गरोदर बाईचा फोटो आहे आणि तिच्या हातात एकही बांगडी नाही. साहेबांनी शेवटी काढायला लावल्याच.