निरोपाच्या शेवटचं वाक्य

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे, त्यामुळे हे लिहायला जरा लाजच वाटते... पण घडलं ते घडलं.

मी रायपूरला, उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे. मोबाईलच्या जमान्यात ऑपरेटर कशाला, असं सगळे विचारतात. आमच्याकडे लागतो, कारण शेडमध्ये मोबाईल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. कामगारांच्या घरचे निरोप ऑफिसच्या नंबरवर येतात आणि मी ते शेडच्या एक्स्टेन्शनवर कळवते.

हे काम मला लताताईंनी शिकवलं. माहेर अमरावतीचं, राहायला समता कॉलोनीत. डब्यात रोज ठेचा, आणि मला तो खायलाच लावायच्या. निरोप कुणाचाही असो, शेवटी त्या स्वतःचं एक वाक्य जोडायच्या — "और घर से पूछा है, खाना खाया कि नहीं." घरून कुणी असलं काही विचारलेलं नसायचं.

मी एकदा म्हटलं, "ताई, खोटं काहून सांगता?"

"खोटं कायचं व पोट्टी? घरच्यायले विचारायचंच असते. घाईत राहून जाते."

ताई रिटायर झाल्या आणि मागच्या उन्हाळ्यात गेल्या. ते वाक्य मी कधी म्हटलं नाही. ते त्यांचंच होतं. अजूनही डबा उघडला की त्यांची फार आठवण येते.

या हिवाळ्यातली गोष्ट. भर दुपारी संतोषच्या बहिणीचा फोन आला. संतोष आमचा नवा क्रेन ऑपरेटर, ताई गेल्यानंतर लागलेला. बहीण रडत होती — आईचं काही खरं नाही, तिला शहरात दवाखान्यात आणलंय, भैयाने गावाकडे जाऊ नये, सरळ इथे यावं. मी शेडचं एक्स्टेन्शन लावलं, तर लाईन बंद. नाली खोदताना सकाळीच केबल तुटली होती. बोर्ड तसाच टाकून मी शेडकडे धावले.

अर्ध्या वाटेत संतोषच समोरून येताना दिसला, हेल्मेट हातात.

"हव, हाँ दीदी, मैसेज मिल गया. गाँव नहीं, अस्पताल जाना है."

"किसने बताया?"

"शेड वाले फोन पे कोई दीदी थीं. आखिर में पूछीं, घर से पूछा है, खाना खाया कि नहीं." आणि तो गेटकडे पळाला.

मी तिथेच उभी राहिले.

आईचे दिवस करून संतोष परत आला तेव्हा मुद्दाम माझ्या खिडकीशी थांबला. "टाइम पे पहुँच गया था दीदी. अम्मा ने आँख खोली, बोली, खाना खाए बेटा? बस... फिर कुछ नहीं बोली."

केबल तुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी जोडली होती. लाईनमनला मी खोदून खोदून विचारलं. त्याचं म्हणणं एकच — त्या दुपारी शेडचा फोन वाजणं शक्यच नव्हतं. मलाही आजवर याचा उलगडा झालेला नाही.

हल्ली निरोप संपला की ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप येतं. परवा शेडमधल्या एका जुन्या फिटरला फोनवर निरोप दिला. तो हळूच म्हणाला, "लता दीदी... आप वापस आ गईं?"

मी "हव" म्हटलं.