“आधी सिग्नल दाखव, मग बसतो”: नागपूर, वर्धा, अल्लीपूर

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरातल्या एका ऑफिसात कारकून, आणि डोकं फिरलं म्हणून दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन बसलो. छप्पर उघडतं, दार कधी उघडतं कधी नाही. बायकोनं गाडीचं नाव ‘सवत’ ठेवलं.

लोक काय म्हणतात त्याची मला फिकीर नव्हती. एकाच माणसाचं म्हणणं मनाला लागायचं: माझ्या बाबांचं. वर्ध्याला पिपरी मेघेत राहणारे, विज्ञान शिकवलेले रिटायर्ड हेडमास्तर. सायकलवरूनसुद्धा हात दाखवल्याशिवाय वळत नाहीत. दसऱ्याला गाडी घेऊन घरी गेलो, तर पायरीवरूनच म्हणाले, “हे काय डबडं आणलं बे? मी नाई बसत याच्यात.” माझंही डोकं तापलं. “नका बसू!” दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो आणि तीन महिने आम्ही फोनवर फक्त हवापाण्यावर बोललो.

मग जानेवारीत आत्याचा निरोप आला, अल्लीपूरला हुरड्याला ये, बाबालाही आण. म्हटलं, हीच संधी. फोन केला. बाबा म्हणाले, “तुह्या गाडीचे इंडिकेटर चालू आहेत का? आधी सिग्नल दाखव, मग बसतो.” आता आली का पंचाईत! इंडिकेटरच बंद होते.

बंद म्हणजे सरळ बंद असते तर बरं. डावा दिला की दोन्ही बाजू मिणमिणायच्या. उजवा दिला की काहीच नाही. आणि ब्रेक दाबला की उजवा आपणहून पेटायचा. मी फ्यूज बदलला, डिकीतून हात घालून चाचपडत बल्ब बदलले, टिकटिक करणारा फ्लॅशरही बदलला. गाडी ढिम्म. शेवटी रविवारी पहाटे तशीच काढली, म्हटलं वर्ध्यात बघू.

वाचकहो, नागपूर-वर्धा पंचाहत्तर किलोमीटर, दोन तास धरा. बुटीबोरीला थांबून तर्री पोहे खा, पाच रुपये प्लेट, तर्री दुसऱ्यांदा मागितली तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. पुढे तेव्हा खड्डेच खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मी ब्रेक दाबतोय आणि मागे उजवा दिवा लुकलुक लुकलुक. आपल्याकडे पुढच्या गाडीचा उजवा इंडिकेटर म्हणजे वळणं नव्हे, ‘जा बापा पुढे’ अशी परवानगी असते, हे मी साफ विसरलो. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत बिनधास्त बाजूला आला आणि समोरून बस! मी गाडी कच्च्या रस्त्यावर घातली. ट्रकवाला जाताना ओरडला, “साइड देता कायले मंग?” त्याचं काय चुकलं?

वर्ध्यात सावंगी रोडवर गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे बबनभाऊ आहेत. त्यांच्या टपरीसमोर गाडी लावली आणि घरी फोन केला. दहा मिनिटांत बाबा स्कूटरवर हजर. मला वाटलं, मदतीला आले. आले ते परीक्षक म्हणून, हात मागे बांधून उभे.

बबनभाऊंनी काही उघडलं नाही की उचकटलं नाही. एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या अर्थला, म्हणजे निगेटिव्हला, दुसरं मागच्या दिव्याच्या पत्र्याला. “उजवा द्या.” दिला, आणि इंडिकेटर टकाटक चालू! “अर्थ भेटून नाई राह्यला, साहेब. करंट परतीचा रस्ता शोधते अन् दुसऱ्या दिव्यात घुसते. तुमी बल्ब बदलत बसले.”

मग त्यांनी मागच्या दिव्याची काच काढली. पाणी अडवणारं रबर कधीच गेलेलं. आत होल्डर हिरवागार गंजलेला, आणि त्यावर लाल चिखल वाळून बसलेला. बबनभाऊंनी नखानं खरवडला, वास घेतला. “कुंकू आहे. अन् हे तांदूळ. नारळाचं पानी वतलं कोनं तरी दिव्यावर! पूजा करा ना, पन बॉनेटवर करा. हे काऊन?”

मी म्हटलं, “आमच्या घरी कोणी पूजा करत नाही हो. बाबा तर लिंबू-मिरची दिसली की भाषण देतात.” आणि हसत बाबांकडे पाहिलं.

बाबा चष्मा पुसत होते. पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

“बाबा, तुम्ही?”

“तू आंघोळीले गेलतास,” ते चष्म्याकडेच बघत म्हणाले. “हे डबडं घेऊन तू हायवेनं जानार होतास. रातभर झोप नाई आली मले. फोडला नारळ. चारी दिव्यायवर वतलं पानी, अंधारात तुले नीट दिसावं म्हनून. विज्ञान शिकवलं मी, पन पोरगं एकच आहे ना बे मले.”

इतका जीव होता या माणसाचा, आणि मी तीन महिने त्याच्याशी थंडीच्या गप्पा मारत होतो! लाज वाटली, स्वतःचीच. बबनभाऊंनी मान खाली घालून पॉलिश पेपरनं होल्डर घासले, नव्या अर्थच्या वायरी टाकल्या, चारही दिवे तपासले. पैसे बाबांनी दिले, मला देऊ दिले नाहीत, आणि मुकाट डाव्या सीटवर जाऊन बसले. स्कूटर टपरीवरच ठेवली.

वायगावच्या रस्त्यानं अल्लीपूर तासाभराचं. छप्पर उघडं, दोन्हीकडे तुरीची शेतं. बाबांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि प्रत्येक वळणाआधी म्हणत होते, “दे. आता दे. बंद कर.” आत्याच्या वावरात गरम हुरडा, लसणाची चटणी आणि ताक. आत्या बाबांना म्हणाली, “दादा, बसला शेवटी? डबडं म्हनत होता ना?” बाबांनी हुरड्यात तोंड घातलं. जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतच जा, आणि सकाळी उपाशी जा.

गाडी पुढे तीन वर्षं टिकली, मग विकली. छप्पर, वेग, लोकांच्या नजरा, त्यातलं काही आता फारसं आठवत नाही. आठवतं ते त्या दिवशी संध्याकाळी पिपरीला परत आल्यावरचं. मी मागच्या नळावर हातपाय धूत होतो. शेजारच्या काकांनी कंपाउंडवरून विचारलं, “काय मास्तर, कशी आहे पोराची गाडी?”

“गाडी डबडीच आहे,” बाबा म्हणाले. “पोरगा चांगली चालवते.”

मी तसाच नळाखाली हात धरून उभा राहिलो.