कुंदाच्या आवाजाखालची घरघर

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात कुंदा आणि नंदकिशोर राहतात. दोघंही बँकेतून निवृत्त. काचबिंदूनं नंदकिशोर भाऊजींची नजर गेली, तेव्हापासून ते घर चालतं कुंदाच्या तोंडावर. "अहो, डावीकडे दूध आहे, गरम आहे." "अहो, पायरी." माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं.

आणि घशाचा कॅन्सर निघाला तो तिलाच. स्वरयंत्र काढायचं ठरलं. "लिहून दाखवलं तर यांना दिसत नाही. खुणा केल्या तर त्याही दिसत नाहीत. मग आम्ही बोलायचं कसं गं?" तिनं मला विचारलं.

हॉस्पिटलमधल्या बाईंनी एक वाट सांगितली होती. ठरावीक वाक्यं स्वच्छ रेकॉर्ड करून दिली, तर कॉम्प्युटर तिचा आवाज शिकेल. पुढे ती टाइप करेल आणि तो तिच्या आवाजात बोलेल. तिनं यूएसबीचा माईक आणून जुन्या लॅपटॉपला जोडला. पण पाठवलेल्या फाइली परत आल्या. प्रत्येक वाक्याखाली घरघर होती, आणि यंत्र म्हणे तीसुद्धा शिकेल.

पंखा बंद केला. खिडक्यांना रजया टांगल्या. घरघर होती तिथेच. "पाण्याच्या पंपाशेजारी बसून बोलतेयस का?" रेकॉर्डिंग ऐकून भाऊजी म्हणाले, आणि कुंदाला रडूच फुटलं. तिचा आवाज दिवसागणिक फाटत चालला होता.

माईक विकणाऱ्या केतनला मी फोन लावला. "काकू, आवाज खोलीतला नाहीच आहे. माईक लॅपटॉपमधूनच वीज घेतो ना, आणि ती वीजच घाण आहे. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा."

"बॅटरीची केव्हाच वाट लागलीय रे. चार्जर काढला की बंद पडतो."

"मग माईकला पॉवर बँकेवरून वेगळी वीज द्या." त्यासाठी माईक आणि लॅपटॉपच्या मध्ये लागणारा हब मी मुलुंडहून आणला. घरघर थोडी उतरली. गेली नाही.

ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी कुंदा शेवटचं म्हणून बसली. हेडफोन माझ्या कानात होते. भाऊजी चहाचा कप चाचपडत होते, त्यांचा हात लॅपटॉपच्या पत्र्याला लागला आणि घरघर एकदम दबली.

"भाऊजी, हात काढू नका!"

"अगं, पण मुंग्या येतात बोटांना. याला हात लावला की नेहमीच येतात."

"आणि बोलला नाहीत?" कुंदा होत्या नव्हत्या आवाजात ओरडली.

"मला वाटलं, माझ्याच नसांचं काहीतरी. म्हटलं, घरात एक पेशंट पुरे."

मी चार्जरची वायर धरत भिंतीपर्यंत गेले. तीन पिनांचा प्लग बोर्डात बसेना, म्हणून त्यांनी मध्ये दोन पिनांचा जोड घातला होता. म्हणजे अर्थिंगच नाही, गळकी वीज भाऊजींच्या बोटांतून उतरत होती! स्वयंपाकघरात फ्रिजचा पॉइंट तीन पिनांचा होता. फ्रिज काढला, टेबल आत ओढलं, प्लग थेट तिथे लावला. हेडफोनमध्ये आता फक्त कुंदाचा श्वास होता.

ती भराभर वाचू लागली. कागदावर हवामान होतं, फळांची नावं होती, कुठलेसे डोंगर होते. निम्म्यावरही पोचली नाही तोच आवाज चिरला. तिनं कागद बाजूला सारले. "हे राहू दे. यांच्याशी बोलू दे मला." मग पाणी पीत, थांबत, एकेक: "अहो, डावीकडे." "अहो, पायरी." "नाही म्हटलं ना." "इथेच आहे मी." खाली टॅक्सी हॉर्न मारत होती.

ऑपरेशन झालं. तेवढ्यावरून कॉम्प्युटरला तिचा आवाज शिकता आला नाही. त्या सकाळची मोजकी वाक्यं तिच्या फोनवर घालून दिली आहेत. बोट ठेवलं की वाजतात; यंत्राच्या परक्या आवाजात बोलायला ती तयार नाही.

काल वरण घेऊन गेले, तर भाऊजी तिला विचारत होते, "दुखतंय का गं? खरं सांग."

दुखण्याचं वाक्य तिनं त्या दिवशी बोलूनच ठेवलं नव्हतं. स्क्रीनवरून तिचं बोट खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. मग एका ठिकाणी टेकलं.

"इथेच आहे मी," फोन म्हणाला. लख्ख आवाज. खाली कसलीही घरघर नाही.

"म्हणजे दुखतंय," भाऊजी म्हणाले, आणि तिचा हात शोधू लागले.