‘इच्छुक नाही’

आज कंपनीत मूल्यमापनाचा फॉर्म भरायचा होता. मी जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात डाय बनवतो, म्हणजे नळीला आकार देणारा पोलादी साचा. सोळा वर्षं झाली.

शेवटचा प्रश्न होता, पुढे कोणतं पद हवं? पर्याय तीनच: सुपरवायझर, मॅनेजर, ‘इच्छुक नाही’. मला अशी डाय करायची आहे, की नळीची जाडी सगळीकडून सारखी भरेल. ते लिहायला जागा नव्हती.

शेजारच्या मशीनवरचे नाना म्हणाले, “लिखी टाक ना सुपरवायझर. खुर्ची भेटी, वर पंखा बी शे.”

“आणि डाय कोण करेल?”

“तू कशाला करस? तू सह्या कर.”

मी ‘इच्छुक नाही’ निवडलं. तासाभरात साहेबांनी बोलावलं.

“भाऊ, नव्या डायचं काम इच्छुक माणसालाच देता येतं. तुम्हीच तर नाही म्हणालात.”

सुपरवायझर झालो तर डायला हात लावायला वेळ मिळणार नाही. नाही झालो तर लावू देणार नाहीत.

फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत बदलता येतो. तुमच्याकडे अशा माणसाने कुठे खूण करायची असते?