नलूताईला दिसलेली बाई

रविवारी दुपारी नलूताईच्या मुलाचा, सिद्धार्थचा फोन आला तेव्हा मी लातूरला टीव्हीसमोरच बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी म्हणाले, "अरे, आत्ता तर भाग सुरू झालाय…" माझ्या तोंडून असं काहीतरी निघून गेलं, याची आजही लाज वाटते. पण आम्हा मावसबहिणींचा रविवार तसाच असायचा. नांदेडला ती, लातूरला मी आणि मध्ये ती परदेशी मालिका.

नलूताई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली होती. उत्तर युरोपातल्या धुक्यातल्या गावाची ही खुनांची मालिका तिनंच मला लावून दिली. आमचा पाच-सहा जणांचा एक ग्रुप होता. भाग संपला की मतांचा पाऊस. कुणाला मालिका लई संथ वाटायची, कुणी म्हणायचं त्या इन्स्पेक्टरबाईला हसताच येत नाही, आणि उदगीरचे औषध दुकानवाले काका दर वेळी नवऱ्यालाच खुनी ठरवायचे. नलूताई सगळ्यांच्या शेवटी लिहायची. एकदा समुद्रकाठी एका म्हातारीचं प्रेत सापडलं. ताईनं लिहिलं, "तिचे हात बघा. कुणीतरी सरळ करून ठेवलेत. परका माणूस तसं करत न्हाई." चार भागांनंतर खुनी निघाली सख्खी बहीण. तेव्हापासून ग्रुपवर तिचा शब्द शेवटचा.

मग एका रविवारी तिनं विचारलं, "समोरच्या घराच्या खिडकीत निळ्या लुगड्यातली बाई कोण हाय?"

त्या गावात लुगडं कुठून येणार? आम्ही सगळ्यांनी तो भाग पुन्हा पाहिला. खिडकी होती, पडदा होता, बाई नव्हती. उदगीरच्या काकांनी लिहिलं, "सिस्टर, चष्म्याचा नंबर तपासा." ताईनं खरंच तपासून घेतला. डोळे ठीक होते. पुढच्या रविवारी भाग संपल्यावर तिनं ग्रुपवर काही लिहिलं नाही, मला फोन केला. आवाज अगदी बारीक.

"आज तिनं तोंड वळवलं गं. ओळखीची हाय."

त्या दिवशी तिनं मला जे सांगितलं, ते एवढ्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. ती नोकरीला नवीन असताना भूकंप झाला आणि तिला किल्लारीला पाठवलं. एका पडलेल्या घराच्या दगडांखाली कमरेपर्यंत अडकलेली बाई तिला सापडली. हातावर 'गिरजा' गोंदलेलं. बाईनं पाणी मागितलं. "आत्ता आणते," म्हणून ताई निघाली, आणि वाटेतच तिला जखमींच्या तंबूत कामाला लावलं. संध्याकाळी पाणी घेऊन गेली तर तिथं नुसते दगड. बाई गेली, असंच तिनं धरलं. "मी तिला तहानेनं मारलं," ताई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती लातूरला आली. आम्ही जीपनं किल्लारी गाठली. नव्या वसाहतीत विचारत विचारत दुपारी एका घरापाशी पोचलो. दारात एक सून धान्य निवडत होती. गिरजाबाईंचं नाव काढताच तिनं आत भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. निळं लुगडं. ताईनं पदर तोंडाला लावला.

"सासूबाई वाचल्या होत्या की," सून म्हणाली. "मिल्ट्रीवाल्यांनी काढलं त्यास्नी. पाय अधू झाला, पर नातवंडं खेळवली. ह्या मागच्याच्या मागच्या रविवारी गेल्या. लई आठवण काढायच्या एका पोरीची. पाणी आणाया गेलेली पोरगी आली का, म्हणून विचारायच्या. म्हणायच्या, ती बी दगडाखाली घावली असंल, न्हाईतर आली असती."

मागच्याच्या मागचा रविवार. मी मनातल्या मनात खिडकीतली बाई पहिल्यांदा दिसल्यापासूनचे दिवस मोजले आणि ताईकडे बघायचं टाळलं. सुनेनं पाण्याचे तांबे आणून ठेवले. ताईनं तांब्या उचलला, फोटोसमोर धरला आणि म्हणाली, "आले गं मी." मग ती मोठ्यानं रडली. परतीच्या वाटेवर मात्र डोकं माझ्या खांद्यावर टाकून लहान मुलीसारखी झोपली.

त्यानंतर तिला ती बाई दिसली नाही. मीच एकदा विचारलं, तर म्हणाली, "आता खिडकीतून कशाला बघंल ती? यायचं असंल तर घरीच यील की." ती हसली, म्हणून मीही हसले.

नांदेडला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, क्षणात झालं. बुद्धवंदना झाली, सगळं पार पडलं. पाहुणे पांगल्यावर सिद्धार्थ मला तिच्या खोलीत घेऊन गेला. खुर्चीवर रिमोट नीट ठेवलेला होता. तिनं मालिका मध्येच थांबवली होती, कुणी आलं की आपण थांबवतो तशी.

"मावशी, मी आलो तवा दाराची कडी आतून काढलेली होती," तो म्हणाला. "शेजारी सगळ्यास्नी विचारलं. कुणीच आलं न्हवतं म्हणत्यात."

पडद्यावर ती इन्स्पेक्टरबाई तोंड अर्धवट उघडून उभी होती. सिद्धार्थनं रिमोट उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं टीव्ही बंद केला… इन्स्पेक्टरबाई पुढं काय बोलणार होती, ते आम्ही दोघांनीही अजून ऐकलेलं नाही.